बागेतला भुंगेरा कळवला, आता माझं नाव-पत्ता कुठे कुठे जाणार?

रेडिंगची रानजाई
शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसा पण उत्तर द्या.

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. मागे बाग आहे, बाग म्हणजे काय तर एक शेड, मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे आणि कोपऱ्यात आधीच्या मालकाने तोडलेल्या झाडाचा कुजका बुंधा, जो मी तीन वर्षं "या वीकेंडला काढू" म्हणत तसाच ठेवलाय. सध्या आई आलीय सांगलीहून. मंगळवारी रात्री सव्वानऊला (इथे जूनमध्ये तेव्हा पण उजेड असतो) ती दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि ओरडतच आत आली, अगं बाहेर केवढं तरी मोठं काहीतरी घरघर करत उडतंय! जाऊन बघते तर शेडच्या दारावर भला थोरला भुंगेरा, माझ्या करंगळीपेक्षा लांब, काळा-चॉकलेटी, आणि डोक्याला हरणासारखी शिंगं. स्टॅग बीटल! फोटो काढला, शेजारच्या आजींना दाखवला तर त्या हरखल्याच, म्हणाल्या हा आपल्या काउंटीच्या (म्हणजे इथला जिल्हा, आमचा बर्कशायर) वन्यजीव नोंद केंद्राला कळवायलाच हवा, आणि लिंक पण पाठवली.

फॉर्म साधा होता. काय दिसलं, कुठे, कधी, कोणाला. नाव, ईमेल, फोन (फोन ऐच्छिक होता पण मी हौसेने भरला). नकाशावर पिन टाकायची होती, मी झूम करून करून बरोब्बर शेडवर टाकली. "ठिकाणाचं नाव" असा रकाना होता त्यात घर नंबर, रस्ता, पोस्टकोड सगळं लिहिलं. आणि खाली शेरा नावाची मोठी चौकट होती तिथे मी शहाणीने लिहिलं की आईने पाहिला, ती सप्टेंबरपर्यंत इथे आहे, आम्ही दोघं ऑफिसला गेलो की दिवसभर घरी एकटीच असते त्यामुळे अजून दिसले तर तीच कळवेल. सबमिट.

रात्री नवऱ्याने (आयटीत आहे, सगळ्या अटी-शर्ती वाचणारा जगातला एकमेव माणूस) त्यांची प्रायव्हसी नोटीस वाचली आणि घरात कोर्ट बसलं. त्यात लिहिलंय की नोंद करणाऱ्याचं नाव नोंदीसोबत कायम ठेवलं जाईल आणि नोंदी कौन्सिल (इथली नगरपालिका), पर्यावरण सल्लागार, राष्ट्रीय डेटाबेस वगैरेंना दिल्या जातात. कायम?? एका भुंगेऱ्यासाठी?

तर एक, त्यांना माझं नाव लागतंच कशाला. दोन, ते काढून टाका म्हणता येतं का. आणि तीन, आई घरी एकटी असते हे मी अख्ख्या बर्कशायरला सांगून बसलेय का? या तिसऱ्याने झोप उडालीय, खरं सांगते.

फाटकी छत्री
रविवार, सकाळी ७:०५

भुंगेऱ्याची संमती घेतली होतीत का पण? त्याचाही पत्ता तोच आहे म्हणून विचारलं.

कार्डांचा खोका
रविवार, सकाळी १०:२०

रानजाई, आधी शांत हो आणि चहा घे. मी मिडलंड्समधल्या अशाच एका नोंद केंद्रात आठवड्यातून एक दिवस फुकट काम करते, चौथं वर्ष. तुमच्या काउंटीचं केंद्र वेगळं, त्यांची पद्धत थोडी वेगळी असेल, पण गाडा साधारण सगळीकडे एकाच चाकोरीतून चालतो.

नाव का लागतं ते आधी. आमच्याकडे नोंद म्हणजे चार गोष्टी, काय, कुठे, कधी, कोणी. यातली एक जरी नसली तरी नोंद लंगडी. तुला वाटेल कोणी पाहिलं याने भुंगेऱ्याला काय फरक पडतो. पडतो ना! कोणी म्हणालं स्टॅग बीटल पाहिला आणि फोटो नाही, तर तपासणारा माणूस आधी बघतो की हे सांगतंय कोण. वीस वर्षं भुंगेरे बघणारा सांगतोय की काल पहिल्यांदा बघणारा. मादीला ती शिंगं नसतातच, आणि लेसर स्टॅग बीटल नावाचा तिच्यासारखाच दिसणारा चुलतभाऊ आहे, त्यात लोक हमखास फसतात. मग काउंटीचा भुंगेऱ्यांचा जाणकार तुला ईमेल करून विचारतो की बाई किती लांब होता, रंग कसा होता. नाव आणि संपर्काचं काम इथे. दुसरं म्हणजे एकच नोंद तीन वाटांनी येते, तू आम्हाला कळवलीस, शेजारच्या आजींनी आयरेकॉर्डवर (नोंदी टाकायची वेबसाइट) टाकली आणि कोणीतरी तिसऱ्या सर्वेक्षणाला. नाव असेल तरच कळतं की भुंगेरा एकच आहे, तीन नाहीत.

आता आतली गोष्ट. नाव आणि ईमेल-फोन हे दोन वेगळे प्रकार आहेत, निदान असायला हवेत. नाव नोंदीला चिकटलेलं असतं. ईमेल, फोन आमच्याकडे वेगळ्या टेबलात राहतात, ते बाहेर जात नाहीत, आमच्यातल्या पण दोघा-तिघांनाच दिसतात. तुझा फोन नंबर कुणा बिल्डरच्या सल्लागाराला मिळेल ही भीती काढून टाक.

पण "ठिकाणाचं नाव" आणि "शेरा", आई गं. मला विचारशील तर या धंद्यातली खरी गळती तिथेच आहे. नावाच्या रकान्यावर सगळ्यांचा डोळा असतो, त्याच्यावर नियम आहेत, मीटिंगा होतात. पण हे दोन रकाने मोकळे, त्यात माणूस मनात येईल ते लिहितो आणि ते नोंदीचाच भाग म्हणून पुढे सरकतं. मी मुख्यतः जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवते. गेल्या हिवाळ्यात एका गृहस्थांचा बुटांचा खोका आला, आत चाळीसेक वर्षांच्या पतंगांच्या नोंदी, निळ्या शाईत, इतकं देखणं अक्षर की कीबोर्डवर हात ठेवायला लाज वाटावी. रोज रात्री बागेत लाइट ट्रॅप (पतंगांना ओढणारा दिवा) लावायचे, सकाळी अंड्यांच्या ट्रेमध्ये दडून बसलेले पतंग मोजायचे. आणि कडेला शेरे. "हिला आज बरं वाटलं म्हणून ट्रॅप लावला." चार कार्डांनंतर "ट्रॅप नाही, हॉस्पिटल." मग सहा महिने काहीच नाही. मग परत पतंग.

मी ते शेरे चढवले नाहीत. कार्डं तशीच जपून ठेवलीत, पण डेटाबेसमध्ये फक्त पतंग. ते माझं मी ठरवलं नाही हां, आमच्याकडे तसा नियम आहे की शेऱ्यात माणसांबद्दल काही असलं की ते आत घ्यायचं नाही. पण ऑनलाइन फॉर्ममधून सरळ आलेली नोंद प्रत्येक वेळी कोणी डोळ्याखालून घालतंच असं नाही. म्हणून तू आजच त्यांना ईमेल टाक, दोन ओळींची, की शेरा काढा आणि ठिकाणाच्या नावात फक्त "खासगी बाग, रेडिंग" ठेवा. कायदा-बियदा काही लिहू नकोस, सरळ सांग. तिथे बसलेली माणसं माझ्यासारखीच असतात, त्यांनाच कसंतरी होईल ते वाचून.

रेडिंगची रानजाई
रविवार, सकाळी १०:५८

खोका ताई, ते "परत पतंग" वाचून पाच मिनिटं तशीच बसले. ईमेल टाकलीय. नवरा म्हणतो नाव पण काढायला सांगायचं होतंस. आई म्हणते नावाचं काय घेऊन बसलात, चहा गार होतोय.

कलम सतरा
रविवार, दुपारी १:१५

लीड्सहून. डेटा प्रोटेक्शन हेच माझं पोट, त्यामुळे तुमच्या मिस्टरांबद्दल आपुलकी वाटली.

वरचं सगळं बरोबर आहे, कायद्याची बाजू जोडतो. युरोपचा जीडीपीआर (वैयक्तिक माहितीचा कायदा) २५ मे २०१८ ला लागू झाला, त्याच सुमाराला इथला डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०१८ आला, ब्रेक्झिटनंतर साधारण तेच यूके जीडीपीआर नावाने चालू आहे. जिवंत माणसाचं नाव म्हणजे वैयक्तिक माहिती, मग ते भुंगेऱ्याशेजारी का असेना. जिवंत हा शब्द महत्त्वाचा, हा कायदा गेलेल्या माणसांना लागू नाही, त्यामुळे व्हिक्टोरियन काळातल्या पाद्रीबुवांनी गोळा केलेल्या फुलपाखरांवरची नावं बिनघोर राहतात. (त्या पतंगवाल्या आजोबांचं माहीत नाही, पण केंद्राने शेरे गाळले ते योग्यच केलं. तब्येतीची माहिती तर आणखी नाजूक वर्गात मोडते.)

लोकांचा समज असतो की प्रत्येक गोष्टीला संमती लागते. नाही. नोंद केंद्रं बहुतेक वेळा नाव ठेवायला लेजिटिमेट इंटरेस्टचा आधार घेतात, म्हणजे आमचं काम रास्त आहे, त्यासाठी हे लागतंच, आणि तुमच्या खासगीपणाला त्याने फार धक्का बसत नाही हे आम्ही तोलून पाहिलंय. केंद्र कौन्सिलच्याच आत बसलेलं असेल तर आधार सहसा सार्वजनिक कामाचा असतो, कारण सरकारी संस्थेला स्वतःच्या कामासाठी लेजिटिमेट इंटरेस्ट वापरता येत नाही. काही केंद्रं कौन्सिलमध्ये असतात, काही वाइल्डलाइफ ट्रस्टच्या छपराखाली, काही स्वतंत्र, म्हणून नोटिशीच्या वरच डेटा कंट्रोलर (माहितीला जबाबदार संस्था) कोण लिहिलंय ते बघा, भांडायचं झालं तर त्याच्याशी. न्यूजलेटर मात्र वेगळं, त्याला सहसा वेगळी संमती हवी. भुंगेरा कळवला म्हणून, नको म्हणायची सोयही न देता, दर महिन्याला देणगीचे ईमेल यायला लागले तर ते चालत नाही.

नाव काढा म्हणता येतं का? म्हणता येतं. पुसून टाकण्याचा हक्क आहे, आक्षेपाचा पण आहे, आणि मग आमचं कारण तुमच्या कारणापेक्षा वजनदार आहे हे त्यांनी दाखवायचं असतं. पण संशोधनासाठी किंवा संग्रहासाठी ठेवलेल्या माहितीला सूट आहे, पुसल्याने ते कामच मोडत असेल तर नकार देऊ शकतात. प्रत्यक्षात कोणी एवढं ताणत नाही. नावाच्या जागी "अनामिक" किंवा एखादा क्रमांक टाकतात, खरं नाव फक्त केंद्राकडे राहतं, भुंगेरा जागच्या जागी. त्यांच्याकडे तुमची काय काय माहिती आहे ते बघायचं असेल तर सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट करा, फुकट असते, साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. पण खोका ताईंशी सहमत, पहिल्याच ईमेलमध्ये कलमं फेकू नका. मी रोज फेकतो म्हणून सांगतोय, समोरचा माणूस लगेच वकिली भाषेत शिरतो आणि दोन दिवसांचं काम तीस दिवसांचं होतं.

एक अडचण सांगायलाच हवी. नोंद एकदा पुढे गेली की परत बोलावणं कठीण. केंद्राकडून एनबीएन ॲटलसवर (इथला राष्ट्रीय डेटाबेस), तिथून कोपनहेगनच्या जीबीआयएफवर (जगभरच्या नोंदींचा डेटाबेस), तिथून कोणी पीएचडीवाल्याने डाउनलोड करून स्वतःच्या लॅपटॉपवर. माहिती बदलली किंवा पुसली की ज्यांना दिली त्यांना कळवायची जबाबदारी केंद्राची असते, शक्य असेल तिथवर. पण लॅपटॉपवाल्यापर्यंत कोण जाणार. म्हणून घाई करा ती शेऱ्याची, नावाची नव्हे.

वटवाघूळ शेजारी
रविवार, दुपारी ३:३२

सगळे फार गोड गोड बोलताय म्हणून दुसरी बाजू.

आम्ही केंटला. आमच्या पोटमाळ्यावर वटवाघळं आहेत, उन्हाळ्यात पिल्लांना घेऊन असतात, संध्याकाळी एकेक करून कौलांखालून सटकतात, बघत बसावं असं. सहा-सात वर्षांपूर्वी बायकोने हौसेने मोजून कळवलं, आकडा आणि घराचं नाव. इथे घरांना नंबरपेक्षा नाव असतं बऱ्याचदा, आमच्याही आहे. विसरून गेलो. दोन वर्षांनी पलीकडच्याला एक्स्टेन्शन बांधायचं होतं, त्याने पर्यावरण सल्लागार नेमला, सल्लागाराने रीतसर पैसे भरून आसपासच्या नोंदी मागवल्या आणि आपल्या रिपोर्टला सगळा तक्ता जसाच्या तसा जोडून दिला. प्लॅनिंग अर्जाची कागदपत्रं कौन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली. तर तिथे आमच्या घराच्या नावासकट वटवाघळांची वस्ती, तारीख, संख्या. बायकोचं नाव नव्हतं हो, ते नीट काढलं होतं! घराचं नाव मात्र ठणठणीत.

पलीकडचा सहा महिने बोलत नव्हता, कारण त्याला वाटलं आम्ही मुद्दाम त्याचं बांधकाम अडवायला हे केलं. वटवाघळाच्या वस्तीला हात लावणं इथे गुन्हा आहे त्यामुळे त्याला आणखी सर्वे करावे लागले, वेळ गेला, पैसे गेले. अजूनही नाताळचं कार्ड येत नाही.

त्यामुळे नाव काढलं की झालं हा भ्रम सोडा. पिन आणि पत्ता हेच नाव आहे.

कार्डांचा खोका
रविवार, संध्याकाळी ५:०५

वटवाघूळ दादा, वाईट वाटलं वाचून. चूक दोन ठिकाणी झाली असं दिसतंय, घराचं नाव बाहेर देणाऱ्याची आणि तक्ता तसाच चिकटवणाऱ्या सल्लागाराची. आम्ही डेटा देतो तेव्हा अटीच असते की मूळ नोंदी जाहीर करायच्या नाहीत, सारांश लिहायचा. पण अट कागदावर आणि अपलोड करणारा शुक्रवारी संध्याकाळी घाईत.

पिनचं मात्र अगदी खरं. रानजाई, इथला ग्रिड रेफरन्स म्हणजे दोन अक्षरं आणि पुढे आकडे. चार आकडे म्हणजे एक किलोमीटरचा चौकोन, सहा म्हणजे शंभर मीटरचा, आठ म्हणजे दहा मीटरचा. तू झूम करून पिन टाकलीस म्हणजे निदान आठ आकडी गेला असणार, दहा मीटरचा चौकोन म्हणजे तुझी शेड आणि थोडी मेथी. बागेतल्या नोंदीला सहा आकडी पुष्कळ झाला. शंभर मीटरमध्ये इथल्या गल्लीतली बरीच घरं बसतात, कोणतं तुझं ते कळत नाही, आणि भुंगेऱ्याच्या नकाशालाही काही कमी पडत नाही.

आम्ही लपवतो ते बहुतेक प्राण्यांसाठी, माणसांसाठी नव्हे, हे पण कबूल करते. बिज्जूची (म्हणजे इथला बॅजर) बिळं कुठे आहेत ते कुत्री सोडणाऱ्या हलकटांना कळू नये म्हणून, शिकारी पक्ष्यांची घरटी अंडी चोरणाऱ्यांना कळू नयेत म्हणून. त्याच्या याद्या आहेत, बाहेर देताना ठिकाण मोठ्या चौकोनात ढकलतो. स्टॅग बीटल विकायला कायद्याने बंदी आहे (१९८१ चा वन्यजीव कायदा) पण त्याची जागा सहसा लपवत नाहीत. थोडक्यात बिज्जूचा पत्ता आम्ही जेवढा जपतो तेवढा तुझा जपला जाईलच असं नाही, तू स्वतःच कमी आकड्यांचा द्यायचा. हे मी ऑफिसात बोलले तर दोघं हसले आणि एकीने वहीत लिहून घेतलं.

गोदाकाठ
रविवार, रात्री ९:४८ (भारतीय वेळ)

नाशिकहून राम राम. धागा मस्त चाललाय, इकडचं सांगतो.

आपल्याकडे अशी जिल्ह्या-जिल्ह्याची नोंद केंद्रं नाहीत, आपण सगळे ईबर्ड (पक्ष्यांच्या याद्यांसाठी) नाहीतर आयनॅचरलिस्ट (कुठल्याही जीवाच्या नोंदीसाठी) या साइटांवर. मी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दर रविवारी आणि एरवी रोज सकाळी गच्चीवरून याद्या टाकतो. ईबर्डवर गच्चीच्या लोकेशनला मी नाव काय दिलं असेल? "घर", पुढे सोसायटीचं नाव, विंग आणि फ्लॅट नंबर! चार वर्षं ते सगळ्या जगाला दिसत होतं. आणि यादीत सुरुवातीची वेळ असते, किती मिनिटं ते असतं. म्हणजे कोणी बघायचं ठरवलं तर हा बाबा रोज साडेसहा ते सात गच्चीत असतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात याच्या याद्या कोकणातून पडतायत म्हणजे घर बंद आहे, सगळं तयार. मुलीने दाखवलं तेव्हा घाम फुटला. पक्ष्यांच्या वेळा नोंदवता नोंदवता माझ्याच वेळा नोंदवून ठेवल्या होत्या की.

आता नाव नुसतं "गच्ची, नाशिक" केलंय आणि पिन सरकवून चौकातल्या वडावर ठेवलीय. तिथे तसाही चहाला असतोच मी. ईबर्डवर नाव न दाखवता पण याद्या टाकता येतात आणि आयनॅचरलिस्टवर नोंदीचं ठिकाण धूसर करायची सोय आहे, मग साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दिसतं. घरच्या नोंदींना तेच लावा.

आणि एक, आपल्याकडची लोक जैवविविधता नोंदवही कोणी बघितलीय का? प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती, तिची वही. २०२० च्या आसपास हरित लवादाने तंबी दिल्यावर ठिकठिकाणी धडाधड भरल्या. मी दोन गावांत मदतीला होतो. त्यात झाडं-पाखरं तर असतातच पण गावातले वैदू, जाणकार यांचे तक्ते पण असतात, नाव, वय, पत्ता, कशावर औषध देतो. एका म्हाताऱ्या वैदूबाबांनी मला विचारलं होतं, हे लिहून घेताय ते पुढं कोण वाचणार? मी म्हणालो सरकार. ते म्हणाले मग मुळी कुठं मिळते ते नको लिहू, माझं नाव लिही. म्हणजे बघा, तिकडे नाव लपवा ठिकाण द्या, इकडे ठिकाण लपवा नाव द्या.

आपला कायदा २०२३ चा, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. वहीतल्या कागदाला तो लागतो का, की स्कॅन केल्यावर लागतो, हे कलम सतरा साहेबांना विचारतो.

कलम सतरा
रविवार, संध्याकाळी ६:०२

गोदाकाठ, भारतातला कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कागदावर घेतलेली माहिती नंतर डिजिटल केली की त्या कायद्यात आली. म्हणजे वही पंचायतीच्या कपाटात आहे तोवर नाही, कोणी स्कॅन करून वेबसाइटवर चढवली की हो. तुमच्या त्या बाबांना जे कळलं ते माझ्या अर्ध्या क्लायंटांना कळत नाही.

इथे कौन्सिलकडच्या माहितीला २००४ चे पर्यावरण माहिती नियम पण लागतात, कोणीही अर्ज करून मागू शकतं. पण त्यात दुसऱ्याची वैयक्तिक माहिती आली की ती डेटा प्रोटेक्शनच्या चाळणीतून जाते, आणि माहिती दिल्याने त्या प्राण्याचं किंवा अधिवासाचंच नुकसान होणार असेल तर तेही नकाराचं कारण होऊ शकतं. मुळी कुठे मिळते ते न सांगण्याची सोय इकडे कायद्यातच आहे म्हणा ना.

फाटकी छत्री
रविवार, संध्याकाळी ६:२०

मी पण सकाळी हसलो आणि आत्ता जाऊन माझ्या चिमण्यांच्या फीडरचं लोकेशन नाव बदलून आलो. काय होतं ते सांगणार नाही. वायफायचं नाव पण तेच आहे एवढंच सांगतो.

रेडिंगची रानजाई
मंगळवार, रात्री ९:५०

अपडेट. आज दुपारी केंद्रातून उत्तर आलं, इतकं साधं आणि प्रेमळ की मी उगाच दोन रात्री घालवल्या असं झालं. शेरा काढलाय, नोंद अजून तपासणीच्या रांगेतच होती त्यामुळे पुढे कुठेही गेलेली नव्हती. ठिकाण "खासगी बाग, रेडिंग". ग्रिड रेफरन्स सहा आकडी केलाय. फोन नंबर पुसला, ईमेल ठेवलाय कारण भुंगेरेवाल्यांना काही विचारायचं असलं तर. आणि त्या बाईंनी लिहिलंय की शेऱ्याच्या चौकटीवर "इथे माणसांची माहिती लिहू नका" अशी ओळ टाकायचं आम्ही वर्षभर म्हणतोय, आता टाकतोच. नवरा खूष.

मग शेवटी विचारलं होतं की नाव कसं ठेवायचं, पूर्ण, नुसती अद्याक्षरं की अनामिक. आणि सहज म्हणून खाली एक ओळ, की फॉर्मवर तुमचं नाव आहे पण भुंगेरा तुमच्या आईने पाहिला असं तुम्ही लिहिलं होतं, तर पाहणारी म्हणून त्यांचं नाव हवं, अर्थात त्यांची हरकत नसेल तर. आता हे दुसऱ्याचं नाव देणं झालं म्हणून मी कलम सतरा दादांना स्मरून आईला रीतसर बसवून सगळं समजावलं. नाव कायम राहील, कौन्सिलला जाईल, नेटवर दिसेल, कोपनहेगनला जाईल, नंतर काढणं अवघड आहे, नको असेल तर अनामिक लिहू.

आई मेथी निवडत ऐकत होती. म्हणाली, म्हणजे मी सांगलीला गेल्यावर पण राहील? म्हटलं हो. म्हणाली, मग अद्याक्षरं कशाला, पूर्ण घाल, आणि स्पेलिंग नीट घाल, पासपोर्टवर चुकवलंय तसं नको.

आणि मला वर, भुंगेरा मी पाहिला आणि चार दिवस नाव तुझं होतं होय तिथे?

आत्ता बाहेर खुर्ची टाकून बसलीय बुंध्यासमोर, शाल घेऊन. आणखी एक दिसला तर हवाय म्हणे. तो बुंधा आता काढायचा नाही असा हुकूम निघालाय, केंद्रातल्या बाईंनी पण तेच सांगितलं की अळ्या कुजक्या लाकडात जमिनीखाली चार-पाच वर्षं सुद्धा काढतात. खोका ताई, पाहणारी आई आणि कळवणारी मी असे दोन वेगळे रकाने असतात का तुमच्याकडे? ती विचारतेय.

कार्डांचा खोका
मंगळवार, रात्री १०:१५

असतात. काकूंना सांग पहिला रकाना त्यांचाच.